घरून मसाला विकताना माझ्या तासांची किंमत मी धरलीच नव्हती

रानजाई
१० ऑगस्ट २०२४, रात्री १०:४०

मी सांगलीत राहते. गेली सहा वर्षं घरून गोडा मसाला, मेतकूट आणि उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करून विकते. दुकान नाही, पाटी नाही. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर मागणी येते, यूपीआयने पैसे येतात, पोस्टाने पाकीट जातं. या महिन्यात व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) तिघींनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला: "दिवाळीपासून सुरू करायचंय, काय काय लागतं?" तिघींना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा इथे लिहिते, म्हणजे जाणकारही भर घालतील.

परवाने नंतर. आधी हिशेब, कारण माझी पहिली अडीच वर्षं तिथेच गेली.

२०१८ च्या दिवाळीत बेंगळुरूला राहणाऱ्या पुतणीने माझा गोडा मसाला तिच्या इमारतीतल्या मराठी बायकांना चाखायला दिला आणि आठवड्यात अकरा पाकिटांची मागणी आली. २०० ग्रॅमच्या पाकिटाला मी १२० रुपये लावले. का, तर बाजारात त्याच सुमाराला मिळत होतं म्हणून. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, दालचिनी, लवंग, वेलची, नागकेशर, शहाजिरं, बाद्यान, तमालपत्र, मिरची, तेल असं सगळं धरून पाकिटामागे कच्चा माल पंचाहत्तरच्या आसपास. दळणाचे दहा, गॅसचे पाच, पाऊच आणि लेबलचे मिळून दहा. म्हणजे शंभर रुपये खर्च, वीस सुटले. दोन किलोच्या घाण्याची दहा पाकिटं, घाण्याला दोनशे रुपये. मला ते पुरेसे वाटायचे, कारण "नाहीतरी मी घरीच असते" हे वाक्य मी स्वतःच इतक्यांदा म्हटलं होतं की ते खरं वाटायला लागलं होतं.

मध्ये ऑगस्ट २०१९ चा महापूर येऊन गेला. आमचा तळमजला पाण्यात होता, धने आणि खोबऱ्याची पोती गेली. त्यातूनही उठले. तेव्हाही हिशेब केला नाही, फक्त पुन्हा माल भरला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये माझं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मागण्या तर घेऊन बसले होते. गल्लीतल्या एका वहिनींना बोलावलं, मी शेजारी बसून सांगणार आणि त्या करणार. तासाला ५० रुपये ठरले. निवडायला दीड तास, भाजायला अडीच, गिरणीत जाऊन-येऊन रांगेसकट एक, चाळून, वजन करून, सील करायला दीड, पत्ते लिहून पोस्टात जायला आणखी दीड. आठ तास झाले. मी त्यांच्या हातात ४०० रुपये ठेवले. घाण्याला सुटणार होते २००.

त्या रात्री डाव्या हाताने वहीत आकडे लिहिले ते अजून जपून ठेवलेत. दुसऱ्या बाईला हे काम दिलं तर मी दोनशे रुपये खिशातून घालते. मग इतके दिवस ते दोनशे कोण घालत होतं? मीच. तासाला २५ रुपयांनी राबत होते आणि त्यालाच नफा म्हणत होते.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे घाणा सहा किलोचा केला. निवडण्याचा पसारा, कढई तापवणं, गिरणीची फेरी हे दोन किलोला जेवढं, सहा किलोला त्याच्या तिप्पट लागत नाही. तीस पाकिटं पाठवून होईपर्यंत एकूण पंधरा तास जातात. दुसरं म्हणजे १ एप्रिलपासून भाव १९० केला. नेहमीच्या ६२ गिऱ्हाइकांना एकच निरोप पाठवला: "आजवर मी माझी मजुरी धरत नव्हते, आता धरते आहे." १९ जणांनी घेणं थांबवलं. उरलेल्या ४३ पैकी एकानेही घासाघीस केली नाही. खोकं, टेप वजा जाता पाकिटामागे ७५ रुपये सुटायला लागले, म्हणजे तीस पाकिटांचे २२५०, तासाला १५०. गिऱ्हाईक कमी झालं आणि घरात पैसा पहिल्यांदा दिसायला लागला.

आता टपालाचं. पोस्टातल्या काउंटरवरच्या बाईंनी एकदा सांगितलं, "ताई, तुमचं पार्सल ३२० ग्रॅमचं आहे, पण पैसे ५०० ग्रॅमचे पडतात." तोवर मी हे कधी बघितलंच नव्हतं. मुंबई, नागपूर, बेंगळुरू माझ्यापासून २०० ते १००० किलोमीटरच्या टप्प्यात येतात. २०२४ च्या दराने तिथे स्पीड पोस्टला ५०० ग्रॅमपर्यंत ६० रुपये आणि वर १८ टक्के कर, म्हणजे ७१. एक किलोपर्यंत ९० आणि कर, म्हणजे १०६. एक पाकीट पाठवलं तर ७१ रुपये. चार पाकिटं खोक्यासकट ९२० ग्रॅम भरतात आणि १०६ रुपयांत जातात, म्हणजे पाकिटाला साडेसव्वीस. तेव्हापासून बाहेरगावी मी चारचाच संच पाठवते. दोन गोड्याचे, एक मेतकूट, एक कांदा-लसूण असं मिसळूनही चालतं. एकट्याला चार पाकिटं जास्त होतात म्हणून लोक बहिणीला, शेजारणीला विचारतात, आणि तिथून नवीन गिऱ्हाईक मिळतं. जाहिरातीवर मी आजवर पैसे घातलेले नाहीत.

परवाने, जीएसटी यावर जाणकारांनी लिहावं. मी माझ्यापुरतं केलंय, पण नेमके नियम सांगायला माणूस तज्ज्ञ हवा.


मीठभाकर
११ ऑगस्ट २०२४, सकाळी ८:१५

व्यनि करणाऱ्या तिघींपैकी एक मी. ताई, एवढं मोकळेपणाने आकडे कुणी सांगत नाही. मनापासून आभार.

मी कल्याणला भाड्याच्या घरात राहते. बेसनाचे लाडू आणि चिवडा करणार आहे. भाड्याच्या घरातून परवाना मिळतो का? आणि सुरुवातीला ओळखीतल्यांनाच देणार असेन तरी लागतो का?


जमाखर्च
११ ऑगस्ट २०२४, दुपारी १:०५

मी करसल्लागार आहे, लहान व्यावसायिकांचीच कामं जास्त करतो, म्हणून लिहितो.

अन्नपदार्थ विकायचा असेल तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी हवी. ओळखीतल्यांना विकलं तरी ती विक्रीच. २०२४ च्या नियमाने वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर परवाना नव्हे, साधी नोंदणी लागते. फॉस्कॉस या संकेतस्थळावर फॉर्म ए भरायचा, शुल्क वर्षाला १०० रुपये, एकदम पाच वर्षांचंही भरता येतं. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा द्यायचा. भाड्याचं घर चालतं. भाडेकरार जोडा आणि घरमालकाला आधी सांगा, नंतर कुरबुर नको. १४ आकडी क्रमांक मिळतो, तो लेबलवर छापावाच लागतो. नोंदणीला मुदत असेल तर ती संपायच्या आधी नूतनीकरण करा.

उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, आधारवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. शोधायला गेलात की सरकारी वाटणारी, शुल्क मागणारी संकेतस्थळं आधी दिसतात. तिथे पैसे भरून आलेल्या किती जणी माझ्यासमोर बसल्यात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का ते बघूनच पुढे जा.

आता जीएसटी, इथे बहुतेक जण चुकतात. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण राज्याबाहेर माल विकला की ही सूट उरत नाही, उलाढाल कितीही लहान असो. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना मर्यादेपर्यंत वेगळी सवलत आहे, मसाल्याला किंवा लाडवाला नाही. म्हणजे कल्याणहून नाशिकला लाडू पाठवलेत तर प्रश्न नाही, इंदूरला पाठवलेत तर नोंदणी हवी. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवायही विकता येतं, पण स्वतःच्या राज्यातच, आणि त्यासाठी एनरोलमेंट क्रमांक घ्यावा लागतो. कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांना ठोक दराने कर भरायची सोय) राहून परराज्यात माल विकता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

माझा सल्ला विचाराल तर पहिलं वर्ष महाराष्ट्राच्या आतच विका. नोंदणी घेतली की त्या महिन्यात काही विकलं नाही तरी विवरणपत्र भरावं लागतं, आणि शून्य विवरणपत्राला उशीर झाला तरी दिवसाला २० रुपये विलंब शुल्क आहे. घरच्या धबडग्यात तारीख चुकते आणि लहान रक्कम मोठी होऊन बसते.

रानजाईताईंचा मजुरीचा मुद्दा मी प्रत्येकाला सांगतो. तुमच्या वहीत हा आकडा असायलाच हवा.


रानजाई
११ ऑगस्ट २०२४, दुपारी ३:३०

धन्यवाद जमाखर्च. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकांमुळे मला २०२१ मध्ये जीएसटी घ्यावा लागला. त्याआधीची तीन वर्षं मला हे माहीतच नव्हतं. तिमाही विवरणपत्र भरते, एका सल्लागार बाईंना वर्षाचे पैसे ठरवून दिलेत. तो खर्चही भावात धरलाय.

मीठभाकर, लेबलबद्दल. पदार्थाचं नाव, घटक (जास्त प्रमाणातला आधी), निव्वळ वजन, सगळ्या करांसकट एमआरपी, बनवल्याचा दिनांक, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, पोषणमूल्यं, तुझं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, नोंदणी क्रमांक, आणि शाकाहारी पदार्थाचं हिरव्या चौकटीतलं हिरवं वर्तुळ. शेंगदाणे, काजू, तीळ असतील तर तेही स्पष्ट लिही. वजनाला स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, वैधमापन खात्याचा शिक्का असलेला काटा घे. मी दोन वर्षं साध्या काट्यावर वजन करत होते, खऱ्या काट्यावर तपासलं तर प्रत्येक पाकिटात सहा-सात ग्रॅम जास्त जात होते.

बॅच क्रमांक ही शोभेची गोष्ट नाही. जुलै २०२२ मध्ये चार दिवसांत तीन फोन आले, मसाला खवट लागतोय म्हणून. मला रडू फुटलं, कारण मसाल्याची चव हेच माझं सगळं भांडवल. पण बॅच लिहिलेली असल्यामुळे कळलं की तिन्ही पाकिटं एकाच घाण्यातली आहेत. त्या घाण्याची २३ पाकिटं गेली होती. ज्यांनी तक्रार केली नव्हती त्यांनाही फोन करून नवीन पाठवली. चूक माझीच होती. पावसाची हवा, खोबरं पूर्ण कुरकुरीत भाजलं नव्हतं आणि गिरणीतून आलेला गरम मसाला त्याच संध्याकाळी पाऊचमध्ये भरला होता. गरम मसाला बंद केला की आत दमट होतो, आणि खोबऱ्या-तिळाचं तेल आधी बिघडतं. आता दळून आणला की रात्रभर सुती कापडावर पसरून ठेवते, सकाळी चाळते, मगच भरते. लेबलवर नऊ महिने लिहायचे, ते चार केले. जून ते सप्टेंबर लहान घाणे करते.


जुना_गिऱ्हाईक
११ ऑगस्ट २०२४, रात्री ९:५०

लेख चांगला आहे, पण एक बाजू मांडतो. मी निवृत्त माणूस, आम्ही दोघंच. घरगुती म्हणून लोक कुणाकडून घेतात, तर स्वस्त आणि शुद्ध मिळतं म्हणून. दुकानात नामांकित मसाला कमी पैशांत मिळत असताना तुम्ही दीडपट घेणार. मग सामान्य माणसाने घरगुती का घ्यावं? आमच्या वेळी वाड्यातल्या बायका दिवाळीचं एकमेकींना करून द्यायच्या, कुणी तासांचा हिशेब केला नाही.


रानजाई
११ ऑगस्ट २०२४, रात्री ११:२०

काका, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो मला माझ्या माहेरच्यांनीही विचारला होता, म्हणून नीट उत्तर देते.

वाड्यात बायका एकमेकींना करून द्यायच्या ते खरं. पण तिथे आज मी तुमच्या चकल्या तळल्या तर उद्या तुमच्या घरची बाई माझ्या करंज्या भरायला यायची. श्रमाची परतफेड श्रमाने होत होती. मी नागपूरच्या अनोळखी घराला मसाला पाठवते, तिथून माझ्याकडे कोण करंज्या भरायला येणार? तिथे परतफेड पैशानेच होणार.

माझ्या सासूबाई हा मसाला चाळीस वर्षं करत होत्या. अख्ख्या भावकीला पुरवायच्या. दरवर्षी सगळे म्हणायचे, "तुमच्या हाताला चव आहे." शेवटच्या आजारपणात त्यांना स्वतःच्या औषधासाठी मुलाकडे पैसे मागताना संकोच वाटायचा, तो मी पाहिलाय. चवीचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण त्या कामाला किंमत आहे असं त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. मीही नाही.

कारखान्याशी भावात मी बरोबरी करू शकत नाही, आणि करणारही नाही. ज्यांना स्वस्त हवंय त्यांनी दुकानातून घ्यावं, त्यात काही वाईट नाही. माझ्याकडे जे येतात ते नागकेशर न वगळलेला आणि पंधरा दिवसांपूर्वी दळलेला मसाला घ्यायला येतात.


आडवळण
१२ ऑगस्ट २०२४, सकाळी ७:४०

रानजाई, तुमचं शेवटचं उत्तर दोनदा वाचलं.

लिज्जतची गोष्ट इथे आठवते. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, एवढं सगळे सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती वणाई. पापड लाटणाऱ्या बहिणीला लाटलेल्या वजनावर लाटण्याचे पैसे मिळतात, आणि नफ्याची वाटणी होते ती निराळी. मजुरी आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे व्यवहारातच बांधलेलं आहे. घरून एकटीने करणाऱ्या बाईच्या बाबतीत मजूरही तीच आणि मालकही तीच, म्हणून दोन्ही आकडे एकमेकांत मिसळतात आणि मजूर उपाशी राहतो.

आमच्या बचत गटाने प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून यंत्र घेतलं. कर्जाच्या जोडीला खर्चाच्या ३५ टक्के अनुदान होतं. योजना चांगली, पण माझं मत असं की आधी वर्षभर हाताने करून विक्री दिसू दे, मग यंत्र. आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाचं पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) झाकून ठेवलेलं आहे आणि हप्ते चालू आहेत.


गोधडीवाली
१२ ऑगस्ट २०२४, दुपारी २:१०

मी खाद्यपदार्थात नाही, जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून विकते, साताऱ्याहून. टपालाच्या मुद्द्यात भर घालते, कारण माझा माल हलका आणि फुगीर.

खासगी कुरिअरवाले वजन दोन प्रकारे काढतात. एक काट्यावरचं, एक आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायचं. जो आकडा मोठा, त्याचे पैसे. माझी गोधडी २ किलो २०० ग्रॅमची. खोकं ४० बाय ३० बाय २०, म्हणजे २४००० भागिले ५०००, पावणेपाच किलोच्या वर. सुरुवातीला मी गिऱ्हाइकाकडून अडीच किलोचे पैसे घेत होते आणि कुरिअरला पाच किलोचे भरत होते. महिनाभर कळलंच नाही, बिल महिन्याच्या शेवटी येतं. आता हवा काढायच्या पिशवीत घालून दाबते, उंची २० वरून १० वर येते, आकारमानाचं वजन २ किलो ४००. चकली-चिवडावाल्यांना हे जास्त लागू आहे. चिवडा दाबता येत नाही, म्हणून खोकं तरी मोजून घ्या. पोत्याने खोकी आणू नका, आधी माल भरून माप घ्या आणि मग त्या मापाची मागवा.

आणि फोटो दुपारच्या उन्हात काढू नका. सकाळी नऊच्या सुमाराला खिडकीशी, दिवा बंद करून. "रंग वेगळा आला" म्हणून परत आलेल्या माझ्या पहिल्या तिन्ही गोधड्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोंच्या होत्या.


वऱ्हाडी_ठेचा
१२ ऑगस्ट २०२४, रात्री १०:००

पैशांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. बायकोचा ठेच्याचा आणि लोणच्याचा व्यवसाय आहे, अकोल्याहून. हिशेब आणि पाठवणी मी बघतो.

मागच्या वर्षी सणाच्या तोंडावर तिचं बचत खातं अचानक गोठलं. बँकेत गेलो तर सांगितलं, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. झालं असं होतं की एका गिऱ्हाइकाने आम्हाला २४०० रुपये पाठवले, आणि त्याच्या खात्यात आलेला पैसा कुठल्या तरी फसवणुकीच्या साखळीतला होता. आमचा संबंध फक्त लोणच्याचा. पण त्याच खात्यात घराचा हप्ता, मुलाची फी, सगळं होतं. बावीस दिवस लागले. बिल, पार्सलची पावती, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं आणि आधारसकट अर्ज त्या पोलिस ठाण्याला ईमेलने आणि नोंदणीकृत टपालाने पाठवला, बँकेलाही प्रत दिली. बिल नसतं तर काय दाखवलं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

तेव्हापासून व्यवसायाचं खातं वेगळं. दर शनिवारी त्यातली रक्कम घरच्या खात्यात काढतो. आणि शंभर रुपयांच्या मागणीलाही बिल करतो.


रानजाई
१२ ऑगस्ट २०२४, रात्री १०:३५

दादा, वाचून अंगावर काटा आला. हे प्रत्येकीने वाचायला हवं.

यातलाच दुसरा प्रकार माझ्याकडे दोनदा आला. फोन येतो, समोरचा हिंदीत सांगतो की मी लष्करात आहे, छावणीत कार्यक्रम आहे, पंधरा किलो मसाला हवाय, भावाबद्दल काही बोलत नाही. मग म्हणतो, आमच्याकडे पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे, मी कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे तुमच्याकडे येतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. एवढं एक वाक्य फ्रिजवर लिहून चिकटवा. आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर तो बघू नका, स्वतःच्या खात्यात जमा बघा, मगच पार्सल बांधा. कुणी फसलंच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम पुढे जायच्या आत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मी पैसे आधी घेते. सख्ख्या आतेबहिणीकडूनही. सुरुवातीला जीभ रेटत नव्हती, आता निरोपातच पहिली ओळ तीच असते.


वाळवंटी_मोगरा
१३ ऑगस्ट २०२४, सकाळी ११:२५

दुबईहून. दरवर्षी इथल्या मराठी घरांत फराळाची पार्सलं येतात, म्हणून परदेशी पाठवणाऱ्यांना कळकळीने सांगते: खसखस पाठवू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. आपल्या डोक्यात खसखस म्हणजे अनारशावरची किंवा करंजीच्या सारणातली, पण इथे विमानतळावर ते ऐकून घेणार नाहीत. माणूस अडकतो. सिंगापूरलाही तीच बंदी आहे. बऱ्याच घरांत गोड्या मसाल्यातही खसखस घालतात, तेव्हा घटक विचारूनच घ्या. आमच्याकडे नातेवाइकांना आम्ही सांगून ठेवलंय, अनारसे तिळाचे करा.

अमेरिकेचं माझ्या बहिणीकडून कळलेलं: आईने स्वतःच्या घरी करून लेकीला भेट म्हणून पाठवलेल्या फराळाला वेगळी सूट आहे, पण विकलेल्या मालाला नाही. विक्रीचा माल असेल तर तिथल्या अन्न-औषध प्रशासनाला आधी सूचना द्यावी लागते. विकलेल्या पार्सलवर "भेटवस्तू" लिहायला कुरिअरचा माणूस सुचवेल, ते करू नका.


रानजाई
१३ ऑगस्ट २०२४, दुपारी १२:१०

फार मोलाचं सांगितलंत. माझ्या मसाल्यात खसखस नाही, सासूबाई घालत नसत, पण ते मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. पुढच्या लेबलच्या छपाईत "खसखस नाही" अशी ओळ घालते.


मीठभाकर
१७ ऑगस्ट २०२४, सायंकाळी ६:४५

चार दिवस लिहिलं नाही, कारण घाणा करून बघत होते. घड्याळ समोर ठेवून.

एक किलो बेसन लाडवाचा हिशेब देते, चुकलं असेल तर सांगा. बेसन ४५, तूप १७०, पिठीसाखर १८, काजू-बेदाणे-वेलची ४७. गॅस १०, डबा आणि लेबल २५. झाले ३१५. तीन किलोला मला पाच तास लागले, त्यातला पाऊण तास नुसता भांडी आणि ओटा आवरण्यात गेला, तो मी आधी धरणारच नव्हते. म्हणजे किलोला एक तास चाळीस मिनिटं. तासाला १०० धरले तर १६७. एकूण ४८२. मी ४५० ला विकायचं ठरवलं होतं आणि त्यात १३५ सुटतात म्हणून खूश होते.

नवऱ्याला आकडा दाखवला. तो म्हणाला, तू स्वतःला तासाला शंभर का धरलेस, दीडशे का नाही? त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

एफएसएसएआयचा अर्ज भरलाय. घरमालक काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या पहिला डबा मला.


रानजाई
१७ ऑगस्ट २०२४, रात्री ८:२०

अगं, आवरण्याचा पाऊण तास धरलास हे फार बरं केलंस. मला तो धरायला चार वर्षं लागली.

हिशेब बरोबर आहे, पण ४८२ हा तुझा खर्च झाला, भाव नव्हे. एखादा घाणा करपेल, प्रवासात लाडू फुटतील, एखादा डबा हरवेल, ते यातून भरून निघालं पाहिजे. मी त्यावर दहा-बारा टक्के तरी ठेवते. तूप महाग होईल तेव्हा भाव बदलायला लाजू नकोस, फक्त आधी कळव.

आणि एक किलोचा डबाच करू नकोस. खोक्यासकट सव्वा किलोच्या आसपास जाईल आणि दीड किलोचे पैसे पडतील. ४० ग्रॅमचे वीस लाडू, म्हणजे ८०० ग्रॅम, खोकं १५० ग्रॅमच्या आत बसव, एक किलोच्या टप्प्यात राहशील. वीस लाडवांना मी ४३० लावले असते. टपाल वेगळं.

नवऱ्याने विचारलं ते बरोबर आहे. दिवाळी होऊ दे, हात बसला की तीन किलो चार तासांत होतील, तेव्हा दीडशे धर.

यंदा, २०२४ मध्ये, वसुबारस २८ ऑक्टोबरला आहे. बाहेरगावची पार्सलं २० तारखेच्या आत टपालात पडली पाहिजेत, त्या आठवड्यात पोस्टात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मागणी १२ ऑक्टोबरला, दसऱ्याला बंद कर आणि नंतर कुणी कितीही गळ घातली तरी घेऊ नकोस. पहिल्या वर्षी मी घेतल्या होत्या, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाकिटं सील करत होते आणि घरात दिवा लावायला लेक एकटी होती.

एक डबा माझ्या नावाने लिही. पत्ता व्यनि करते, पैसे आजच पाठवते.


मीठभाकर
१७ ऑगस्ट २०२४, रात्री ८:४५

आले ताई, ५२४ रुपये जमा झालेत. कल्याण-सांगली टपालाचे ९४ कुठून काढलेत? मी बघितलं तर आपण २०० किलोमीटरच्या पुढे आहोत, एक किलोला १०६ पडतात. तुमच्याच हिशेबाने १२ रुपये कमी आहेत.


रानजाई
१७ ऑगस्ट २०२४, रात्री ८:५५

चूक माझी, जवळच्या टप्प्याचा दीड किलोचा दर धरला. १२ रुपये पाठवलेत, बघ.